फोटो नसलेला फोन

मोबाईल लॉक असला की पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'इमर्जन्सी' लिहिलेलं दिसतं. त्या शब्दाचा मला कित्येक वर्षं नुसता राग यायचा. पर्समध्ये चाव्यांना नाहीतर कंगव्याला घासून तो कॉल आपोआप लागायचा. एकदा कामोठ्याच्या बाजारात मी वांगी निवडत होते आणि पर्समधून एक बाई विचारत होती, "हॅलो, काय मदत हवी आहे?" मी पर्समध्ये तोंड घालून तिला म्हटलं, "काही नको हो, वांगी घेतेय." भाजीवाला माझ्याकडे बघतच राहिला.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. मला कुकरच्या तिसऱ्या शिट्टीचीसुद्धा वाट बघवत नाही. रिक्षा सिग्नलला थांबली की मी उतरून चालायला लागते. अशा बाईवर दुसऱ्याच्या बंद फोनकडे टक लावून बसायची वेळ आली, त्या दुपारची ही गोष्ट.

त्या दिवशी सुकापूरला आमच्या नात्यातल्या मुलाची हळद होती. हळद संध्याकाळची, पण आमच्या आगरी मंडळींना मांडवात दुपारपासूनच हजर राहावं लागतं, नाहीतर मागाहून वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. माझा नवरा, पुतण्या, त्याची बायको, सगळे पुढे गेले होते. मी करंजाड्याला माझ्या थोरल्या जाऊबाईंना घ्यायला गेले. तर त्या घरच्याच साडीत. म्हणाल्या, "मी नाय येत. यांचा सकालपासना डोका दुखतंय."

'यांचा' म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. माझ्या सासऱ्यांची भातशेती सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट मिळाले, आणि त्या दिवसापासून दादांना शांत जेवताना कोणी पाहिलं नाही. रोज दलालांचे फोन. प्लॉट विकायचा का, बिल्डर तयार आहे, भागीदारी करू या. दादांनी त्यावर दोन उपाय शोधले. एक, फोनला पॅटर्नचं कुलूप घातलं आणि तो पॅटर्न पोटच्या मुलालाही सांगितला नाही. कुणीतरी फोनवरूनच जमीन लिहून घेईल अशी त्यांना धास्ती. पॅटर्न काढताना ते दुसऱ्या हातानं पडदा झाकायचे, एवढं की स्वतःलाच दिसायचा नाही आणि चुकायचा.

दुसरा उपाय वहिनींसाठी, म्हणजे या जाऊबाईंसाठी होता. वहिनींना वाचता येत नाही आणि त्यांचा स्वतःचा फोनही नाही. दादा आंघोळीला नाहीतर जेवायला बसले की फोन वहिनींच्या ताब्यात. म्हणून दादांनी त्याच मुलाकडून, म्हणजे माझ्या पुतण्याकडून, घरच्या सगळ्यांचे फोटो त्यात घालून घेतले होते. फोटो दिसला तर उचलायचा, हिरव्याकडं सरकवायचा. फोटो नसला तर तो दलाल, लालकडं. वहिनींनी हे असं पाठ केलं होतं की पोळपाटावरून नजर न काढता त्या पिठाच्या बोटानं लाल करायच्या. एकदा लाल करायला उशीर झाला आणि दलाल बोलायला लागला, तेव्हा दादा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं त्यांना बोलले होते. स्वतःचं काही चुकलं असं मात्र दादांच्या तोंडून मी सून म्हणून आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं.

मी चहा नको म्हणत असतानाच आतल्या खोलीत भांडं पडलं. जाऊन बघतो तर दादा पलंगाच्या कडेला कलंडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबकळत. काहीतरी बोलत होते, पण शब्दाला शब्द लागत नव्हता. वहिनी कांदा फोडायला धावल्या, हुंगवायला. मी ओरडले, "वहिनी, हे फिट नाही, झटका आहे. गाडी बोलवा!"

बोलावणार कशावरून? माझ्या फोनची बॅटरी येताना रिक्षातच संपली होती, आणि वहिनींच्या घरातला चार्जर माझ्या फोनला बसेना. मी दारात येऊन हाका मारल्या. आळीतली एकूण एक माणसं हळदीला. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कामावर. शेजारचा कुत्रा तेवढा उठून उभा राहिला. उरला दादांचा फोन, उशीजवळ, कुलूपबंद.

आमच्यात धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराच्या अंगाला हात लावायचा नाही. मी त्यांच्यासमोर खुर्चीवरही बसत नाही. त्या दिवशी मी त्यांचा अंगठा धरून फोनवर दाबला. फोनला फक्त पॅटर्नच ठाऊक. मी मनाला येईल तशा रेघा ओढल्या, आडव्या, उभ्या, चौकोन. थोड्याच वेळात फोननं सांगितलं, जरा थांबा, मग प्रयत्न करा. 'थांबा' हा शब्द वाचून मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आणि तेव्हा खाली ती बारीक अक्षरं दिसली. ज्या शब्दाला मी आजवर शिव्या दिल्या, त्याच्यावर बोट ठेवलं आणि एकशे बारा लावला.

लागला. कुलूप तसंच, आणि आतून माणसाचा आवाज. मला रडूच फुटलं. पलीकडच्या बाईनं मला रडायला वेळ दिला नाही. काय झालंय, श्वास चालू आहे का, तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. मग पत्ता.

"करंजाडे."

"सेक्टर कोणता, मॅडम?"

"सेक्टर नाही, जुनं गाव. गावठाण."

"जवळची खूण?"

मागून वहिनी ओरडत होत्या, "देवलाच्या मागं सांग! हिरवा गेट हाय बोल!" मी तसं सांगितलं. बाई म्हणाली, "ॲम्ब्युलन्स निघतेय. ड्रायव्हर याच नंबरवर फोन करेल. उचला."

मी फोन वहिनींच्या हातात दिला. "गाडीवाल्याचा फोन येईल. आला की उचला, आणि घर कुठं ते सांगा. मी नाक्यावर जाऊन उभी राहते." वहिनींनी मान हलवली.

नाक्यावर मी काय उभी राहते! चार पावलं इकडे, चार तिकडे. दूध पोचवणारी गाडी आली, तिला हात केला. शाळेची बस आली, तिलाही. ऊन डोक्यावर, देवळात कुणी नाही, आणि आत दादांचं काय होतंय ते कळायला मार्ग नाही. मनात येईल ते येत होतं. पुतण्याला काय सांगायचं, नवऱ्याला काय सांगायचं, मांडवातल्या डीजेच्या आवाजात त्यांना ऐकू तरी येईल का. शेवटी राहवेना म्हणून पळत घरी आले.

वहिनी दादांच्या उशाशी बसल्या होत्या. एक हात दादांच्या कपाळावर, दुसऱ्यात फोन. फोन वाजत होता. माझ्यादेखत त्यांनी तो शांतपणे लालकडं सरकवला.

"वहिनी! काय करताय?"

"जागेवाल्याचा व्हता. मगापासना मरत्यात मेले, सारका सारका."

"गाडीवाल्याचा आला का?"

"नाय ना गो. मी बगतंय कवापासना. गाडीचा फोटू काय येत नाय."

मला एक क्षण काही कळेना. मग कळलं. या बाईचा नवरा डोळ्यांसमोर जात होता, आणि ती डोळ्यात तेल घालून पडद्यावर ॲम्ब्युलन्सच्या फोटोची वाट बघत होती. मुलाच्या फोनला मुलाचा फोटो येतो, सुनेच्या फोनला सुनेचा. मग गाडीच्या फोनला गाडीचा येणार नाही तर कशाचा येणार?

मी फोन हिसकावला. परत लावायला गेले तर कुलूप. ज्यानं इतक्या वेळा फोन केला त्याला एकदाही फोन करता येईना. पुन्हा एकशे बारा लावावा, तर तेवढ्यात ड्रायव्हरचा आला आणि त्याला एंगेज लागला तर? न लावावा, तर तो कंटाळून निघून गेला तर? मी अंगठा त्या अक्षरांवर नेत होते आणि मागे घेत होते. दादांच्या घशातून घरघर येत होती. वहिनी विचारत होत्या, "काय झाला गो? माजा काय चुकला काय?" मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं, देव जाणे.

फोन वाजला. नुसता नंबर. मी तो असा उचलला की नखाचा ओरखडा काचेवर उठला असेल.

"अहो ताई, किती वेळा कट करता?" ड्रायव्हर चांगलाच तापला होता. "आम्ही सेक्टरमध्ये फिरतोय. देऊळ देऊळ करून तीन देवळं झाली!"

मी फोन कानाला लावूनच पळाले. त्याला वळणं सांगत, साडी एका हातात धरून, चपला कुठं राहिल्या ते आजतागायत माहीत नाही. गाडी आली. दादांना उचललं. वहिनी मागे चढल्या ते तशाच, कुंकू पुसटलेलं, पदराला पीठ.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं, इंजेक्शन सुरू केलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "वेळेत आणलंत. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." मी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि खुर्चीत बसले. वहिनींनी दुसरं ऐकलं. तोवर त्यांनाही सगळं उमगलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पुतण्या, माझा नवरा, हळदीतली माणसं पिवळ्या गालांनी धावत आली तरी तिथून हलल्या नाहीत.

दादा वाचले. पुढचे काही दिवस त्यांचं बोलणं परत येत होतं, आधी हुंकार, मग तुटके शब्द. वहिनींचं मात्र गेलं. त्या डबा आणायच्या, त्यांना भरवायच्या, तोंड पुसायच्या आणि स्वतः एक घास घ्यायच्या नाहीत. मी म्हणायचे, "वहिनी, झालं गेलं. आता कशाला?" त्या म्हणायच्या, "तुला नाय कलनार." मला कळत होतं. त्यांना त्या दुपारपेक्षा दादा घरी येऊन सगळं ऐकतील त्या दिवसाची भीती होती. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की दादांना यातलं काही सांगायचं नाही.

वहिनींनी आमचं ठरवणं मानलं नाही. एका दुपारी दादांना भरवता भरवता त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि म्हणाल्या, "गाडीवाला फोन करत व्हता. मीच कापला. सारकी कापत व्हते. तुमी मेले असते माज्या हातना."

वॉर्डात मी, नवरा, पुतण्या, तिघंही अवघडून उभे. पुतण्या तर दादांच्या पलंगाकडे एक पाऊल सरकलासुद्धा, आता आवाज चढणार म्हणून. दादा वहिनींकडे बघत राहिले. त्यांचा ओठ अजून वाकडाच होता, शब्द काढायला वेळ लागत होता. आम्ही वाट बघितली. माझी तर ती वाट सगळ्यात लांब.

"तू... नाय," दादा म्हणाले. मग दम घेतला. "मीच... शिकवला तुला... कापायला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांचं रडून घेतलं. दादांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्यांदेखत तसाच राहू दिला.