गजभिये काकांची उलटी सुनावणी

गजभिये काकांच्या घरात सोफासुद्धा सुनावणी झाल्याशिवाय येत नसे. दिवसभर ऑफिसात लोकांची अपिलं ऐकायची आणि संध्याकाळी घरी पुन्हा तेच. पण घरची सुनावणी त्यांना जास्त प्रिय होती, कारण तिथला कायदा त्यांचा स्वतःचा होता: ज्याला जी बाजू पटते ती त्याने मांडायची नाही, उलटी मांडायची. काकूंना केबल टीव्ही हवा होता, म्हणून त्या केबलविरुद्ध बोलल्या. काकांना तो नको होता, म्हणून ते बाजूने बोलले, आणि इतके रंगून बोलले की त्यांना स्वतःलाच पटलं. दुसऱ्या दिवशी केबलवाला गच्चीवर.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी घरापुरतं आणि बोलणं त्याहून कमी. सुनावणीच्या वेळी मी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून चहा पीत असे. "ही आमची साक्षीदार," काका सांगायचे. "सगळं बघते, पण जबानी देईल तर शपथ!"

त्या दिवसांत प्रत्येकाचा कुठे ना कुठे फ्लॅट बांधला जात होता. काकांचा नोएडात होता, चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या जागी अजून नुसतं भोक होतं. एका रविवारी आम्ही तिघं बघायला गेलो, तर दुसऱ्या मजल्यावर काका सिमेंटच्या गोणीवर बसले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"पायऱ्यांचं काम तपासतोय."

"बसून?"

"बसून बारीक दिसतं."

पण त्यांना धाप लागली होती आणि ओठ निळसर पडले होते. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप कडक होऊन आकसली आहे. छाती उघडून नवी बसवावी लागेल. ऑपरेशनमध्ये धोका आहे, पण न करण्यात त्याहून मोठा. काका म्हणाले, "विचार करून सांगतो." मग फ्लॅटची किल्ली मिळू दे म्हणाले. मग ऑफिसात बजेटची गडबड आहे म्हणाले. मग आंबे आले. "आंब्याच्या दिवसांत कोणी छाती उघडतं का?"

शेवटी काकूच म्हणाल्या, "सुनावणी लावा."

काका स्वतःच्याच कायद्यात सापडले. त्यांना ऑपरेशन नको होतं, म्हणून त्यांना बाजूने बोलावं लागलं. बोललेही झकास. "झडप म्हणजे काय, दारच की! दार अडकलं तर आपण सुतार बोलावतो की खिडकीतून ये-जा करतो?" मग काकूंची पाळी आली. त्यांना ऑपरेशन व्हायलाच हवं होतं, म्हणजे त्यांनी विरुद्ध बोलायचं. त्या उभ्या राहिल्या. "असलं माझ्या तोंडून निघायचं नाही," म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

विरोधी बाजू रिकामी पडली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "साक्षीदार, उठ."

मी कपाकडे बघत बोलले. "काका, ऑपरेशन करू नका. कारण तुम्हाला भीती वाटते."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"पुढे?" काका म्हणाले.

"पुढे काही नाही. फ्लॅट, बजेट, आंबे... ते सगळं असंच. मुद्दा एवढाच आहे."

जरा बरं मराठी येत असतं, तर हेच मी कशात तरी गुंडाळून दिलं असतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काऊन गं, इतकी वर्षं गप्प बसलीस ती याच्यासाठी?" आणि ते हसत सुटले, धाप लागेपर्यंत. काकू पाणी घेऊन धावल्या. घोट घेऊन काका म्हणाले, "मुद्दा खरा आहे. विरोधी बाजूकडे दुसरा मुद्दा नाही, हेही खरं. पण नुसत्या भीतीवर मी आजवर कोणाचं अपील मान्य केलेलं नाही."

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे डॉक्टरला फोन लाव."

ऑपरेशन नीट झालं. नवी झडप घेऊन काका नोएडाला राहायला गेले, खूप वर्षं राहिले. आमची दारं मात्र समोरासमोर उरली नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला नोएडा आठवत नाही, ऑपरेशनची सकाळ आठवते. काका ट्रॉलीवर होते, डोक्यावर हिरवी टोपी, डोळ्यांवर चष्मा नाही. काकूंनी त्यांचा हात धरला होता. वॉर्डबॉय "चलो अंकल" म्हणाला, तेव्हा काकांनी दुसरा हात वर केला. "रुको यार, एक बहस बाकी है." मग मान माझ्याकडे वळवली. "आता बाजू बदल. ऑपरेशन का करावं? पटकन सांग."

कितीतरी चांगली कारणं होती. मला एकही मराठीत सुचेना.

"तुम्ही नसलात," मी म्हणाले, "तर मला बोलायला कोण लावणार?"

काका छताकडे बघत राहिले. मग वैतागल्यासारखे म्हणाले, "हद्द झाली. म्हणजे आता परत यावंच लागणार."