वामनरावांनी गाळलेलं दार

सदर भागातल्या चर्चमधल्या वामनरावांइतकी खात्री देवालाही नसावी. जगाचा पाया घालण्याआधी देवानं माणसं निवडून ठेवली आणि त्यांत आपण आहोत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गुण बघून नाही हं, निव्वळ कृपेनं. ही कृपा ते अशी मान ताठ ठेवून सांगत, की जणू त्यांनीच देवावर केली.

नाताळाआधी चर्चची मंडळी घरोघर गाणी म्हणत फिरे. पहिली ओळ वामनरावांची. त्यांनी सूर लावल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. कोणत्या दारी जायचं तेही तेच ठरवत. जरीपटका भागातलं एक घर तिथल्या करंज्यांसाठी दरवर्षी निवडलं जाई. नंदनवन वस्तीतलं एक घर मात्र दरवर्षी गाळलं जाई. ते त्यांच्या लेकीचं, भैरवीचं. तिनं बौद्ध घरातल्या आयुषशी लग्न केलं होतं. तरी डिसेंबर आला की ती दारात कागदाची चांदणी टांगून वाट पाही.

यंदा ऐन निघताना बायको, प्रेमलताबाई, आडवी उभी राहिली.

"भैरवीकडे काहून जात नाही जी?"

"देवानं याकोबाले निवडलं, एसावाले नाही. जुळे भाऊ, दोघंही आईच्या पोटातच होते तवा. आपला काय इलाज?"

"मंग पोटातल्या एसावाचा काय गुन्हा?"

"मडकं कुंभाराले सवाल करते का?"

"मडकं नाही करत. मी करून राहिली. सारं आधीच ठरलं, तर दारोदार गाता कायले? देव गुण पायत नाही म्हणता, अन् तुमी करंज्या पाऊन दार निवडता! भैरवीले नाही निवडलं, हे त्यानं तुमच्या कानात येऊन सांगतलं?"

वामनरावांकडे प्रत्येक आक्षेपाला वचन होतं. याही वेळी ते शोधायला त्यांनी बायबल काढून पानं चाळायला घेतली. तोवर प्रेमलताबाई मंडळीच्या टेम्पोत चढून बसल्याही होत्या.

"चला नंदनवनले," ते म्हणाले. "पण मी उतरणार नाही."

ऊन कलतं झालं होतं. मंडळी भैरवीच्या चांदणीखाली उभी राहिली. ढोलकी वाजली, थांबली. पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. सूर लावायला निवडलेला माणूस टेम्पोत बसून विजेच्या खांबाचं निरीक्षण करत होता.

तेवढ्यात घरातूनच पहिली ओळ आली. वामनरावांचाच सूर, शेवटच्या शब्दावरचा त्यांचाच नको तेवढा लांबलेला हेलकावा. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून उचललेला. भैरवी गात गात दारात आली.

दुसरी ओळ मंडळीनं धरली. तिसरीत टेम्पोतून एक जाड, घोगरा आवाज मिसळला आणि चौथीपर्यंत तो आवाज खाली उतरून फाटकाशी आला.

आयुषनं खुर्ची आणून ठेवली. "बसा बाबा."

वामनराव बसले. डोळे पुसले, घसा खाकरला. "हे देवानं आधीच ठरवलं होतं, बरं का."

"हो जी," प्रेमलताबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी त्याले थांबा लागलं, एवढंच."