चेलुवांबा पार्कातला पोपटी फ्रॉक

माझे आजोबा वेंकोबा शिंपी चोर होते. मोठे नव्हते, हातभराचे होते. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाच्या कापडातून एखादा तुकडा बाजूला पडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. 'सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असं कुणी तोंडावर म्हटलं तरी ते चिडायचे नाहीत. उलट म्हणायचे, "सोनाराचं नाव पहिलं हाय. आपण दुसरं."

त्यांच्या बाजूनं एवढंच सांगता येईल की तो तुकडा त्यांनी कधी विकला नाही. पहिलं अंगडं देव्हाऱ्यातल्या विठोबाला शिवायचे, म्हणजे पापात देवाचीही भागीदारी झाली. उरलेल्यात आम्हा पाच नातवंडांचे फ्रॉक, सदरे, चड्ड्या. माझा एक फ्रॉक तर एका वकिलाच्या खिडकीच्या पडद्यातून निघाला होता. तो घातला की माझे भाऊ मला ओढून बाजूला सरकवायचे.

आजोबांना आम्ही ताता म्हणायचो. रविवारी दुपारी दुकान बंद करून ताता आम्हाला पार्कात न्यायचे, कारण आमच्या आईबापांना रविवारी झोपायचं असायचं. पण कुठल्या पार्कात जायचं हे आमच्या अंगावरच्या कपड्यांवरून ठरायचं. यादवगिरीच्या गिऱ्हाइकाचं कापड अंगावर असेल तर राजवाड्याजवळचा कर्झन पार्क. राजवाड्याच्या बाजूच्या गिऱ्हाइकाचं असेल तर यादवगिरीकडचा चेलुवांबा पार्क. आणि सगळीच सरमिसळ झाली असेल तर बस धरून बेळगोळच्या रस्त्याला, कालव्याच्या काठावर, जिथं म्हशींशिवाय आमच्याकडे कुणी बघत नसे. लोक ऊन-पाऊस बघून पोरांना बाहेर काढतात, आम्ही गिऱ्हाईक बघून निघायचो.

राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. यादवगिरीच्या वेदवतीअम्मा दुकानात आल्या. त्यांचे यजमान मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात साहेब होते. मुलीच्या, म्हणजे पाच वर्षांच्या तुंगाच्या वाढदिवसासाठी त्यांनी बेंगळूरहून पोपटी रंगाचं, पांढऱ्या ठिपक्यांचं कापड आणलं होतं. फ्रॉकला फुग्यांच्या बाह्या हव्या होत्या. तातांनी कापड दोनदा मापलं, मान हलवली आणि सुतकी तोंड करून म्हणाले, "अम्मा, स्वल्प कमी पडतंय बघा. बाह्या होत न्हाईत." तुंगाचा फ्रॉक बिनबाह्यांचा झाला. फुगे आमच्या कावेरीला आले, अख्ख्या फ्रॉकसकट.

कावेरी माझी चुलत बहीण, चार वर्षांची आणि महाहट्टी. त्या रविवारी तिला पोपटी फ्रॉकच घालायचा होता आणि चेलुवांबा पार्कातल्या घसरगुंडीवरच बसायचं होतं. दोन्ही एकदम म्हणजे वाघाच्या गुहेत जाऊन शेपटी ओढणं. अज्जी आतून ओरडली, "यादवगिरीचं कापड घालून यादवगिरीच्याच पार्काला? बुद्धी इल्लवा तुम्हाला?"

कावेरी जमिनीवर लोळली. तातांचं तिच्यापुढं कधीच काही चालायचं नाही.

"सुम्नं रहा गे, गप," ते अज्जीला म्हणाले. "सायबाची माणसं पाचाच्या आदी उन्हात येत न्हाईत. आमी चाराला परत."

तीन वाजता आम्ही पार्कात पोचलो. ताता झाडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कॉलरींना नावं ठेवत होते. चोराच्या मनात चांदणं, म्हणून अधूनमधून मान वळवून फाटकाकडे बघतही होते. कावेरीवर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. मी दहा वर्षांची होते आणि झोपाळ्याच्या रांगेत माझा दुसरा नंबर होता. माझा झोका झाला, मी खाली उतरले आणि घसरगुंडीवर बघितलं तर कावेरी नव्हती.

घसरगुंडीच्या मागं नव्हती, नळापाशी नव्हती, झुडपात नव्हती. फाटकाबाहेर मोठा रस्ता, त्यावरून केआरएस धरणाकडच्या बसगाड्या सुसाट जायच्या. तातांचा चेहरा पांढरा पडला. ते फाटकाकडे धावले आणि तिथंच समोरून वेदवतीअम्मा आत आल्या. संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते म्हणून लवकर निघाल्या होत्या. हाताशी तुंगा होती, अंगात पोपटी, ठिपक्यांचा, बिनबाह्यांचा फ्रॉक.

"वेंकोबा, काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"नात चुकली, अम्मा."

बाई मोठी कामाची. लगेच शेंगावाल्याला फाटकावर उभं केलं, माळ्याला हाक मारली आणि तातांकडे वळल्या. "अंगात काय आहे तिच्या?"

"फ्रॉक," ताता म्हणाले.

"रंग?"

"हिरवा. म्हंजे तसा हिरवाच."

"ठिपक्यांचा की फुलांचा? नीट सांगा की."

"साधा," ताता म्हणाले. त्यांची नजर तुंगाच्या फ्रॉकवर होती आणि तिथून हलत नव्हती.

वेदवतीअम्मांनी मला विचारलं. मला सगळं माहीत होतं. मीही म्हणाले, "साधा हिरवा."

मग साध्या हिरव्या पोरी येऊ लागल्या. माळ्यानं एक आणली, ती सात वर्षांची होती. शेंगावाल्यानं एक आणली, तिच्यामागून तिची आई शिव्या देत आली. एक तर मुलगाच निघाला. ताता प्रत्येक वेळी मान हलवायचे आणि पुन्हा तुंगाच्या फ्रॉककडे बघायचे. मला त्यांचा इतका राग येत होता की त्यांच्या पाठीत बुक्का मारावासा वाटत होता. पण बिंग फोडायला माझीही जीभ उचलेना.

तेवढ्यात बाहेर एका बसनं करकचून ब्रेक लावला. आम्ही सगळे धावलो. बसपुढं एक वासरू उभं होतं, धडधाकट. ताता वासराकडे बघून माघारी वळले. आणि त्यांनी तुंगालाच उचललं.

"अम्मा, हाच फ्रॉक. ह्याच कापडाचा. तुमच्याच तुकड्यातला हाय, मी मारलेला. बाह्या तिला लावल्या."

 ताता थांबले नाहीत. तुंगाला खांद्यावर घेऊन ते पार्कभर धावत सुटले. "असला फ्रॉक! फुग्यांच्या बाह्यांचा! कुणी बघितलात काय? असलाच, पण बाह्या हायत!" मराठीत ओरडले, कन्नडात ओरडले. खांद्यावर नमुना, खाली त्यांचं सुटत चाललेलं धोतर, मागं आम्ही चौघं आणि आमच्या मागं वेदवतीअम्मा, चप्पल हातात घेऊन. तुंगाला मात्र मजा वाटत होती.

पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला एक कुटुंब चित्रान्न खात बसलं होतं. त्यातल्या बाईनं तुंगाच्या फ्रॉककडे बघितलं आणि बोट दाखवलं. त्यांच्या पोरांच्या ओळीत कावेरी मांडी घालून बसली होती. पानावर तिसऱ्यांदा भात घेतलेला, दोन्ही फुग्यांवर हळद. तातांनी तुंगाला खाली ठेवलं, कावेरीला छातीशी धरलं आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. मी त्यांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

वेदवतीअम्मा धापा टाकत पोचल्या. त्यांनी एक फुगा चिमटीत धरून बघितला. तुंगानं उरलीसुरली शंकाही ठेवली नाही.

"अम्मा, हिला बाह्या आहेत," ती म्हणाली.

"हो," वेदवतीअम्मा म्हणाल्या. मग तातांकडे वळल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "कापडाचं जाऊ द्या, वेंकोबा. मला एकच सांगा. मघाशी पहिली दहा मिनिटं तुम्ही पोर शोधत होता, की कापड लपवत होता?"

तातांना तीस वर्षं खोटं बोलायचा सराव होता. मी वाट बघत होते की ते काहीतरी फेकतील.

"कापड, अम्मा," ते म्हणाले.

वेदवतीअम्मा तुंगाचं बोट धरून निघून गेल्या. मला कुणीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझंही उत्तर तेच होतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

 घरी जाताना ताता कावेरीचं बोट नाही, मनगट धरून चालले होते. ती वाटभर कुरकुरत होती, "सोडा की ताता, दुखतंय." मंडी मोहल्ला आला, आमचा उंबरा आला, तरी त्यांनी सोडलं नाही.