सेराफिनाबाईच्या फुलीची अंडी

मरोळ गावठाणात आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या सेराफिनाबाईचा जगात कोणावरच विश्वास नव्हता. दुधात ती बोट बुडवून बघे. नवरा कॉस्मस घरी आला की आधी त्याच्या तोंडाचा वास घेई, कारण दारूबंदी होती आणि कॉस्मस होता. खुराड्यातल्या प्रत्येक अंड्यावर ती कोळशाने फुली मारी आणि दोन-चार अंडी तिथेच ठेवी. सगळी उचलली तर कोंबडी रुसते, हे तिचं शास्त्र. फुली कशासाठी, तर मी शेजारी राहतो म्हणून.

सदुसष्टच्या डिसेंबरात नाताळच्या केकसाठी राखलेली अंडी जायला लागली. रोज एक, कधी दोन.

चोर तिने ठरवूनच टाकला: घरचा कुत्रा टिप्या. त्याची आई अख्ख्या गावठाणाची अंडी खाऊन शेवटी लॉरीखाली गेली. डोळेही न उघडलेलं पिल्लू मागे राहिलं. बाईच्या मांजरीची पिल्लं नुकतीच मेली होती, त्या मांजरीनेच त्याला दूध पाजून वाढवलं. त्यामुळे टिप्या भिंतीवर चढून बसे आणि पंजा चाटून तोंड धुई.

"मांजराच्यात वाढलाय तो," कॉस्मस म्हणाला. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ऐकलं नाही कधी?"

"खाण तशी माती, हे ऐकलंय. आई चोर, लेक चोर. अजून एक अंडं जाऊ दे, म्युनिसिपालटीच्या गाडीत घालते की नाही बघ."

कॉस्मसचं तोंड एवढंसं झालं. त्या घरात मूल नव्हतं. टिप्या गेल्यावर संशय घ्यायला बाईला घरात दुसरं कोण उरणार होतं, हा प्रश्न वेगळाच.

"एक अंडं रिकामं कर, बाय," मी म्हटलं. "मिरचीचा ठेचा भर, भोक मेणाने बुजव. ज्याची जीभ पोळेल तो चोर."

"काशीराम, तुला हे बरं ठाऊक रे," तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पण अंडं भरलं, त्यावरही फुली मारली.

सकाळी ते अंडं गायब. टिप्या भिंतीवर मजेत. मग बाई नळावर येऊन एकेकाचे डोळे तपासू लागली. मीही तपासत होतो, सवय वाईट. कॉस्मसचं नाक गळत होतं.

"सर्दी आहे गं," तो म्हणाला.

"नेमकी आजच झाली?"

दुपारी मांजर बाजेखाली गुरगुरायला लागलं. बाईने मला हाक मारली, साक्षीदार हवा म्हणून. बाजेखाली मांजरीची चिंध्यांची टोपली होती. मेलेले उंदीर आणून ती तिथेच टाकायची. टोपलीत नऊ अंडी होती. सगळ्यांवर फुली, एकालाही दात लागलेला नाही. ठेच्याचं अंडंही होतं, मेणासकट. त्यांच्याभोवती अंग गुंडाळून टिप्या झोपला होता.

"चोरी आईची," मी म्हटलं, "पण माल घरी आणायची रीत मांजरीची."

कॉस्मसने बाजेवर बसून नाक पुसलं.

सेराफिनाबाई बराच वेळ वाकून होती. मग तिने अंडी एकेक करून उजेडात धरली. "मरू दे गाडी," ती म्हणाली. "चोर आहे, पण घरचा आहे."

तेव्हापासून ती खुराड्यात वाकेनाशी झाली. टिप्या अंडी आणून टोपलीत ठेवी, बाई उचलून मोजी.

फेब्रुवारीत माझ्या गावठी कोंबडीचं अंडं दोनदा नाहीसं झालं. लहान, तांबूस, लांबून ओळखू येणारं. बाईच्या दारात टोपली होती, त्यात सगळ्यात वर तेच होतं. त्यावर फुली होती, कोळसा अजून बोटाला लागत होता.

"बाय, हे माझ्या कोंबडीचं."

"फुली दिसत नाही का तुला?" सेराफिनाबाई म्हणाली आणि टोपली आत घेऊन गेली.

आता ही तिची खाण म्हणावी की टिप्याच्या शेजाराचा गुण, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.