पोथीवर सासूबाईंचा हात

माझं माहेर रोह्याकडचं, भात आणि वाल पिकवणारं. सासर पेणच्या खाडीकाठी. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, त्या पहिल्याच खेपेला गावानं मला निवडून दिलं. मी सातवी शिकलेली, एवढाच माझा गुण असावा.

सरकारी सह्या-शिक्के आदल्या दिवशी ऑफिसात उरकले होते. पण आमच्या गावची आणखी एक रीत होती. नव्या सरपंचानं देवळात जायचं, तिथल्या पोथीवर हात ठेवायचा आणि गावाचं खाणार नाही, खोटं वागणार नाही, अशी शपथ घ्यायची. त्याशिवाय लोक त्याला सरपंच धरत नसत.

नेमकी त्या दिवशी सकाळी मला अडचण आली. सासूबाई त्या बाबतीत फार कडक. त्या दिवसांत चुलीकडेही फिरकायचं नाही. मी त्यांना सांगितलं आणि म्हटलं, शपथ पुढे ढकलायला निरोप धाडते. मोड आलेले वाल सोलता सोलता त्या म्हणाल्या, ढकललीस तर विरोधातले म्हणतील बाई घाबरली. मग गुपचूप जाऊन हात ठेवू का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. खरं वागायची शपथ खोटेपणानं घेता येत नाही, हे दोघींनाही कळत होतं. शेवटी त्यांनी मला यायला सांगितलं, मात्र देवळाची पायरी चढायची नाही. पुढचं त्या बघणार होत्या.

संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं. श्रावणात पोथी वाचणारे म्हातारे आजोबा ती समोर ठेवून बसले होते. मी पायरीखालीच थांबले. दोघातिघांनी वर बोलावलं, मी हलले नाही. तेव्हा मावळते सरपंच म्हणाले, पोथीला हात न लावता कसली शपथ?

बायकांमधून सासूबाई उठल्या. पायऱ्या चढून वर गेल्या, पोथीवर हात ठेवला आणि गावाकडे तोंड करून म्हणाल्या, "बोलंल ती, हात माजा. ती चुकली तर माज्या दारान या."

बायकांना कारण उमगलं होतं. त्यातल्या एकीनंही पुढे कधी त्याचा उच्चार केला नाही. आजोबांनी क्षणभर सासूबाईंकडे पाहिलं, मग मला म्हणाले, "बोल गो पोरी." मी खालूनच बोलले. आवाज वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला.

पुढची पाच वर्षं त्यांनी तो हात निभावला. जेवताना रोज विचारायच्या, आज कोण आलं, काय मागितलं. खाडीच्या बांधाचं काम घेतलेला ठेकेदार मिठाईचा पुडा घेऊन आला, त्याला त्यांनी ओटीवरूनच परत लावलं. नळ आधी आमच्या आळीत यावा असं मला वाटत होतं. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. सर्वांत लांबून पाणी आणणाऱ्या आळीला नळ आधी मिळाला, तो त्यांच्यामुळे.

आमच्यात आभार मानायची रीत नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात पाय चेपताना मात्र मी म्हणाले, "आई, तुम्ही नसता तर मी त्या दिवशी घरी पळाले असते."

डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "पलाली असतीस तर धरून आनली असती."