साडीच्या आतली देवी

साच्यातून निघणाऱ्या देवीची कंबर मुठीत मावेल एवढी. असल्या कंबरेनं महिषासुर मारणं सोडा, भरलेला हंडाही उचलला नसता. पण पेणच्या कारखान्यांत कुणा बाप्याला त्याची कधी फिकीर नव्हती. वरून साडी नेसवायचीच, तर आत कोण बघतंय?

रोहिणीला मात्र ते खुपायचं. खारेपाटात मिठागरावर वाढलेली ही बाई सासऱ्यांच्या, गुणाजींच्या कारखान्यात रंग कालवता कालवता मूर्ती घडवायला शिकली. यंदा गुणाजी तापाने अंथरुणाला खिळले आणि रोह्याजवळच्या वरसे गावच्या मंडळाची देवी तिने एकटीने केली. दंड मीठ ओढणाऱ्या बाईचे. पोट सैल, ओघळलेलं, त्यावर नखाने ओढलेल्या बाळंतपणाच्या रेषा. मुलाच्या, आदेशच्या जन्मापासून आरशात दिसणारं तिचं स्वतःचंच पोट. आरशात तिला त्याची लाज वाटायची. मातीत घडवताना वाटली नाही.

घटस्थापनेच्या सकाळी गुणाजींनी अंथरुणातून उठून मूर्ती पाहिली आणि त्यांचं डोकंच फिरलं. दुसरी करायला वेळ नव्हता. तूच केलंस, आता तूच निस्तर, असं म्हणून त्यांनी तिला मूर्तीबरोबर टेम्पोत बसवलं. मूर्ती परत आली, तर पुन्हा मातीला हात लावायचा नाही, हेही बजावलं. नागोठणं मागे पडलं तसं तिने मूर्तीवरचं कापड पुन्हा घट्ट बांधलं.

वरसेत देवीला साडी बायकाच नेसवतात, पडद्याआड. मूर्तीवरचं कापड निघालं आणि सगळ्या बायकांची नजर त्या पोटावर गेली. बाहेर ढोलवाले खोळंबले होते. भूमिका नावाच्या तरुण सुनेने नाक मुरडलं. अशी कुठं देवी असते, परत पाठवा, म्हणाली. सगळ्यांनी काशीबाईकडे पाहिलं. गावातली निम्मी माणसं या सुईणीच्या हातांवर जन्मलेली. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

म्हातारीने देवीच्या पोटावर तळवा ठेवला.

"कुणाचं गो हे पोट?"

खोटं बोलावं असं रोहिणीला क्षणभर वाटलं. "माझं," ती म्हणाली.

काशीबाईने नवी साडी बाजूला सारली आणि घरून जुनं, मऊ लुगडं मागवलं. आता हे झाकून टाकणार, असं वाटून रोहिणीने मान खाली घातली. म्हातारीने लुगड्याची लांब पट्टी फाडली आणि देवीच्या कंबरेला वेढे द्यायला घेतले.

"ओली बाळंतीण हाय ही. मोकळ्या पोटानं नऊ दिस उभी करता व्हय? कंबर धरंल तिची. भूमिका, धर गो दुसरं टोक."

भूमिकेने पुढे होऊन ते धरलं.

आदेशच्या वेळी रोहिणीचं पोट बांधायला कुणी नव्हतं. ती तिथेच, सगळ्या बायकांसमोर, हमसून हमसून रडली.