खाली ठेव

माझं अक्षर गिचमिड आहे आणि शुद्धलेखन चुकणार आहे. चौथीनंतर शाळा सुटली, लिहायची सवय राहिली नाही. चुकलेलं माफ करावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून एकटीच बसून लिहिते.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. भंडाऱ्यात नाही. इंग्लंडात, लेस्टर नावाच्या शहरात. बैठकीत दहा-बारा मराठी बायका रेशमी साड्या नेसून बसल्या होत्या. मी तिळगुळाचं ताट घेऊन भिंतीला टेकून उभी. त्या दिवशी मीही माझं एकुलतं हिरवं लुगडं नेसलं होतं. वहिनींची एक मैत्रीण ओळीनं सगळ्यांना कुंकू लावत होती. ती नवीन होती, तिला माहीत नव्हतं. ती माझ्यापुढं आली. कुंकवाचं बोट तिनं उचललं. मी मान पुढं केली.

"अगं, तिला कुठं लावतेस?" वहिनी हसून म्हणाल्या. "ती आमची कामवाली. ढीवराची आहे, मासे मारणाऱ्यांची. तीन महिने झाले, साबण संपले, हाताचा वास काही जात नाही."

बायका हसल्या. त्या मैत्रिणीचं बोट हवेतच राहिलं. मग तिनं कागदी रुमाल घेतला, बोट पुसलं, आणि पुढं गेली.

माझी मान पुढं केलेली तशीच. ती मागं कधी घ्यावी, कळेना.

आधीचं सांगते. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं माहेर बपेऱ्याचं, नदीकाठचं. बाप जाळं टाकायचा. लग्न होऊन भंडाऱ्याला आले. नवरा वैनगंगेत मासोळी धरायचा, मी एका सेठांच्या घरी धुणंभांडी करायची. सेठांचा हातमागाचा जुना धंदा, बाजारात साड्यांचं मोठं दुकान. त्या घरात मला कोणी काही हातात देत नसे. पगार असो की उरलेली पोळी, ओट्यावर ठेवायचे, मी उचलायची. मी काही द्यायला गेले की, "खाली ठेव." रागानं नाही. इतक्या साध्या आवाजात म्हणायचे की मला वाटायचं, जगात असंच देतात-घेतात.

सेठांचा मुलगा लेस्टरला इंजिनियर होता. त्याची बायको, म्हणजे वहिनी, तिकडंच बाळंत झाल्या. घरच्या मोठ्या बाईंनी मला विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलं. "एक वर्स जाय. बाळ चालाले लागलं का वापस ये. तुह्या पोरीच्या शिक्षनाले पैसा होईल."

माझी पोर सहा वर्षांची. तिला माझ्या आईजवळ बपेऱ्याला ठेवलं. मी निघाले तेव्हा ती एसटीच्या मागं पळाली नाही, रडली नाही. नुसती उभी राहिली.

पोचल्या दिवशीच दादांनी, वहिनींच्या नवऱ्यानं, माझा पासपोर्ट मागून घेतला आणि दागिन्यांच्या कपाटात ठेवला. "तिकिटाला लाखाच्या वर गेले," ते म्हणाले. "ते फिटेपर्यंत तुझा पगार आमच्याकडंच जमा."

किती जमा, किती बाकी, कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "पळून चाललीस का कुठं?"

दाराला कुलूप नव्हतं. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. पण जायचं कुठं? भाषा येत नाही, खिशात एक नाणं नाही, आणि बाळ काखेत. ते बाळ माझ्याच मांडीवर वाढलं. त्याचा शेंबूड, शी, उलटी, सगळं या हातांनी. तेव्हा हाताला वास नव्हता.

घर कामगारांच्या गल्लीत होतं. स्वस्त मिळालं म्हणून दादांनी घेतलं होतं. वहिनींना त्या गल्लीची लाज वाटायची. मला मात्र आजही ती गल्ली आठवते. लाल विटांची घरं, एकाला एक चिकटलेली, मधली भिंत एकच. पलीकडं कोणी खोकललं की आमच्याकडं ऐकू यायचं. मागच्या बोळात आडव्या दोऱ्या, त्यावर चड्ड्या-बनियनी, कोणाला संकोच नाही. शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात मासोळी तळायचे. सगळी गल्ली तिथं रांगेत. कारखान्यातून सुटलेले गडी, म्हाताऱ्या, पोरं. कागदात गुंडाळलेली गरम मासोळी, वरून आंबट पाणी, रस्त्यातच उभ्यानं खायचे आणि बोटं चाटायचे. मासोळी तळणाऱ्या बाईला सगळे नावानं हाक मारायचे. मी वरच्या खिडकीतून बघायची. वास आत आला की वहिनी खिडकी लावून घ्यायच्या.

सगळेच चांगले होते असं नाही. नाक्यावरची पोरं मला बघून थुंकायची. एकदा पाठीत अंडं बसलं. तेही त्याच गल्लीतलं.

संक्रांतीनंतर थोड्या दिवसांनी घरातलं धुण्याचं मशीन बिघडलं. दादा म्हणाले, नवीन नंतर घेऊ. गल्लीच्या टोकाला एक दुकान होतं, तिथं पैसे टाकले की मशीन चालायचं. दर शनिवारी मी गाठोडं घेऊन तिथं जायला लागले. नाणी वहिनी टेबलावर ठेवायच्या. मी उचलायची.

दुकानात ऊब असायची. साबणाचा वास, मशीनचा घरघर आवाज, बायकांच्या गप्पा. मी कोपऱ्यात बसायची. पहिल्या दिवशी कपडे वाळले, मोठी चादर निघाली. ती एकटीनं घडी करायला गेले तर जमिनीला लागत होती. समोरची एक गोरी म्हातारी उठली. काही न बोलता चादरीची दोन टोकं तिनं धरली. दोन माझ्या हातात. मग ती चालत माझ्याकडं आली, मी तिच्याकडं. मधे आमचे हात एकमेकांना लागले. तिनं तिची टोकं माझ्या हातात दिली, खाली वाकून दुमड उचलली, पुन्हा चालत आली.

बपेऱ्याला नदीच्या रेतीवर मी आणि बाबा असंच जाळं घडी करायचो. तो तिकडून, मी इकडून. हाताला हात लागला की बाबा म्हणायचा, "धर वो माय." मला काही शिकवावं लागलं नाही.

तिथं ही रीतच होती. कोणाचीही चादर निघो, जवळ जी असेल ती उठायची. कोणी विचारत नसे तू कोणाची.

ती म्हातारी जोन. आमच्या भिंतीपलीकडची. आधी मोज्यांच्या गिरणीत होती, गिरणी बंद पडली, आता पहाटे दवाखान्यातल्या फरश्या पुसायची. मला 'डक' म्हणायची. डक म्हणजे बदक. त्या शहरात सगळे सगळ्यांना बदक म्हणतात, बस चालवणाऱ्यालासुद्धा. मला हसू यायचं. ती मला शब्द शिकवायची. कंबर धरून तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "पूअरली." म्हणजे आजारी. तिच्या थर्मासातला चहा ती माझ्या हातात द्यायची. पहिल्यांदा दिला तेव्हा मी बाकाकडं बोट दाखवलं, खाली ठेव म्हणून. तिला समजलंच नाही. ती पेला धरून उभी राहिली. मी घेईपर्यंत.

वर्ष झालं. बाळ चालायला लागलं, पळायला लागलं. मी म्हटलं, "वहिनी, आता मले जाऊ द्या."

"तिकीट फिटलं नाही अजून."

"कवा फिटन?"

"ते आम्ही सांगू."

बपेऱ्याजवळच्या सिहोऱ्याच्या फोनवरून आई पोरीला घेऊन बोलायची. आधी पोर विचारायची, आई कवा येतेस. मग तिनं विचारणं सोडलं. मग फोनवर यायचंच सोडलं. आई म्हणाली, "लाजते." मला रात्री झोप येईना.

पुन्हा संक्रांत आली. पुन्हा हळदीकुंकू. वहिनींनी या वेळी जोनला बोलावलं होतं. मैत्रिणींना दाखवायला, आमच्याकडं गोऱ्यासुद्धा येतात म्हणून. आणि मला म्हणाल्या, "तू बाळाला घेऊन वर बस. खाली येऊ नकोस."

बाळ झोपलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. खाली दिसत होतं. वहिनींनी जोनला मधल्या खुर्चीवर बसवलं. कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, ओटीचा नारळ दिला. तिच्या हातात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोन लाजून लाल झाली होती. फरश्या पुसणारी बाई. तिचं काम आणि माझं काम एकच. तिचे हातही साबणानं फाटलेले. मग माझ्या हाताला काय होतं?

हे मी आधी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. वास आहे असंच मी धरून चालले होते. लपून लपून मी स्वतःही हात हुंगायची.

जोननं इकडंतिकडं पाहिलं आणि वहिनींना काही विचारलं. वहिनी म्हणाल्या, "शी इज पूअरली."

तो शब्द मला येत होता.

मी उठले. एकेक पायरी उतरले, बैठकीच्या मधे जाऊन उभी राहिले.

"मी आजारी नाही," मी म्हटलं.

"वर जा," वहिनी दातओठ खाऊन म्हणाल्या.

"नाही जात."

"काय तमाशा लावलाय? वर जा म्हटलं ना!"

"माहा पासपोर्ट द्या. मले माह्या पोरीपाशी जायचं हाय."

एवढंच बोलले. दुसरं काही सुचलं नाही. पण जागची हलले नाही. जोनला मराठी येत नव्हतं, पण पासपोर्ट हा शब्द तिला कळला. ती उठून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. शेवटी मागच्या वर्षी बोट पुसणारी ती मैत्रीण वहिनींना हळूच म्हणाली, "देऊन टाक बाई. उद्या पोलिसांचं लफडं व्हायचं." दया कोणाला आली नाही. भीती वाटली. मला तेवढी पुरली.

आठवड्यात तिकीट निघालं. दारात दादा म्हणाले, "येण्याचंही बाकी आहे, जाण्याचंही. तुझ्या अंगावर आहे, लक्षात ठेव." मी म्हटलं, "फेडीन." पगाराचं नाव त्यांनी काढलं नाही.

जोननं जाताना काही दिलं नाही. फक्त दोन्ही हात धरले.

बपेऱ्याला उतरले तर पोर आजीच्या मागं लपली. माझ्या जवळ यायला तिला महिना लागला. ते मी कोणत्या हिशेबात धरू?

भंडाऱ्यात सेठांकडचे सांगत फिरले, ढीवरीण पैसे बुडवून पळाली. आम्ही बपेऱ्यालाच राहिलो. नवरा नदीवर, मी सिहोऱ्याच्या बाजारात मासोळी घेऊन. थोडे थोडे पैसे मी बाजूला टाकत गेले. नवरा चिडायचा. "काहून देतेस? त्यायनं तुहा पगार देला का?"

"पगार मी मांगीन," मी म्हणायची. "पन आंगावर त्यायचं ठेवून मांगता येत नाही."

बरीच वर्षं गेली. पोर माझ्या खांद्याएवढी झाली. एका बुधवारी बाजार उठल्यावर तिला घेऊन मी भंडाऱ्याला गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. सेठ गादीवर बसलेले, केस पांढरे झालेले. मी नोटांचं पुडकं पुढं केलं.

"तिकिटाचे. सारे हायत."

"खाली ठेव," सेठ म्हणाले. तोच साधा आवाज.

मी हात मागं घेतला नाही. "हातात घ्या."

"काय म्हणतेस?"

"हातात घ्या, सेठ."

गिऱ्हाईक बघत होतं. पोर बघत होती. हात भरून आला, तरी तसाच धरला. सेठांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग हात पुढं केला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली.

"मोजून घ्या."

नोटांना मासोळीचा वास होता. मी हात धुऊन आले नव्हते. सेठांनी एकेक नोट मोजली, बोटाला थुंकी लावून.

"फिटले," ते म्हणाले.

"तुमचे फिटले," मी म्हटलं. "आता माहा सवा वर्साचा पगार. पुढच्या बुधवारी येईन. तोबी हातातच द्या."